नॉर्मनचे कुठले पुस्तक, कुठल्या सालचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला बीटल्स या इंग्रज बँडवरचा पत्रव्यवहार गेले तीन आठवडे मी कात्रणे काढून वाचते आहे. कोल्हापूरच्या वाचकांनी फिलिप नॉर्मनच्या ‘शाउट!’ या चरित्राचा दाखला देऊन लिहिले, की बीटल्समध्ये बारा आणे एकटा जॉन लेनन होता. पुढच्या रविवारी नाशिकच्या वाचकांनी उत्तर दिले, की याच नॉर्मनने २०१६ साली बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीचे जाडजूड चरित्र लिहून आपला शब्द फिरवला, तेव्हा अशा माणसाची साक्ष कुणी काढूच नये. दोघांनी एकाच लेखकाचे नाव घेतले, पण आपण त्याची कुठली आवृत्ती वाचली हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. मी ३४ वर्षे ठाण्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कुणी पुस्तकाचा हवाला दिला की शीर्षकपानामागचे पान उलटून साल बघायची माझी सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

तिसऱ्या पत्रात एका वाचकांनी विचारले आहे, की साठ वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या चार पोरांसाठी आपण इथे का भांडायचे. त्याचे उत्तर मला माझ्या घरातूनच द्यावे लागेल. हेच भांडण माझ्या थोरल्या भावात आणि माझ्यात तीस वर्षे चालले. त्यात मी नॉर्मनच्या बाजूने होते.

‘शाउट!’ मी १९८४ साली घेतले. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर एका विक्रेत्याच्या गठ्ठ्यात, एका जुन्या शब्दकोशाखाली ते पडले होते. कणा उन्हाने फिका पडलेला, आतली पाने मात्र करकरीत. अठरा रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी दादरहून कामावर जाताना गाडीत वाचायला काढले आणि ठाणे कधी मागे पडले ते कळले नाही. कळव्याला उतरून परत यावे लागले.

पुस्तक विलक्षण ताकदीने लिहिलेले आहे, हे मी आजही म्हणेन. लिव्हरपूलची गोदी, हॅम्बुर्गच्या रीपरबान भागातल्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून तयार झालेली पोरे, वडिलांच्या धंद्यातला रेकॉर्डविभाग सांभाळणारा आणि पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झालेला ब्रायन एपस्टाइन, सगळे समोर उभे राहते. एपस्टाइनच्या व्यवहारांचा भाग तर मी पुन्हा पुन्हा वाचला. बीटल्सच्या नावाने विग, बाहुल्या, गळपट्टे असे काय काय विकले जात होते. त्याचे हक्क देताना ९० टक्के वाटा विकणाऱ्यांना आणि अवघे १० टक्के बीटल्सना, असा करार झाला. ती हकिगत नॉर्मनने इतकी खोलात जाऊन मांडली, की वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता. आणि हे सारे त्याने चौघांपैकी कुणाचेही सहकार्य नसताना, त्यांच्या आजूबाजूच्या माणसांना गाठून उभे केले. या कष्टाला मी नमस्कारच करते.

पण त्याच पुस्तकात पॉल येतो तो हसऱ्या चेहऱ्याचा हिशेबी माणूस म्हणून. जॉन खरा, जॉन बंडखोर, जॉनच्या अंगात आग. पॉल गोड, पॉल धोरणी. उरलेले दोघे, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, कडेला उभे. हे कधी छापले गेले तेही लक्षात घ्यायला हवे. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉनची त्याच्या घराच्या दाराशी गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्या काही महिन्यांतच पुस्तक दुकानांत आले. सगळे जग सुतकात होते. पुस्तकानिमित्त नॉर्मन अमेरिकेत दूरचित्रवाणीवर गेला आणि जॉन म्हणजे बीटल्सचा तीन चतुर्थांश हिस्सा, असे म्हणाला. ते ऐकून जॉनची पत्नी योको ओनोने त्याला त्या डाकोटा इमारतीतल्या घरी बोलावून घेतले. कोल्हापूरच्या वाचकांचे ‘बारा आणे’ आले ते तिथून. ते एका दुखवट्याच्या वेळी उच्चारलेले वाक्य आहे. तेव्हा ते मलाही पूर्ण खरे वाटले होते, म्हणून त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बँकेत होता. पहिल्या पगारातून त्याने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून रेकॉर्ड आणली आणि दादरच्या आमच्या दोन खोल्यांत आई दुपारी झोपली असताना आवाज बारीक करून लावली. तो पॉलचा भक्त. गाण्याखाली चाललेला बास वेगळा कसा ऐकायचा हे त्याने मला शिकवले. टेबलावर बोटाने ठोके देत म्हणायचा, ‘‘अगं, वरचं सोड, खालचं ऐक. तिथे दुसरं गाणं चाललंय.’’ मी पुस्तक वाचले आणि दादाला सांगायला सुरुवात केली, की तुझा पॉल कसा आतल्या गाठीचा होता, बँड कुणी मोडला, कोर्टात कोण गेले. १९८६ साली महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी एक लेख लिहिला. त्यात पॉलला मी ‘सुरांचा दुकानदार’ म्हटले. शब्दाचा मला फार अभिमान वाटला होता. लेखाची प्रत दादाला दाखवली. त्याने शांतपणे वाचली, घडी घालून परत दिली आणि एवढेच विचारले, ‘‘तू ‘रॅम’ ऐकलंस का?’’

१९७१ सालची पॉल आणि त्याची पत्नी लिंडा यांच्या नावावरची ती रेकॉर्ड. मी ऐकली नव्हती. ऐकायची गरजही मला वाटली नव्हती, कारण नॉर्मन वाचला होता.

नंतर ‘शाउट!’ दादाने माझ्याकडून वाचायला नेले. पंधरा दिवसांनी परत केले तेव्हा समासात जागोजागी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे होती. पॉलविषयी जिथे जिथे लेखकाने मनातले ओळखल्यासारखे लिहिले होते तिथे एक प्रश्नचिन्ह, बाकी अक्षर नाही. पुस्तकावर खुणा करणाऱ्या वाचकांना मी रोज समज देत असे. मी त्या सगळ्या खुणा खोडरबरने पुसल्या. त्या प्रश्नांवर आम्ही बसून बोलायला हवे होते. ते आम्ही केले नाही. पुढे त्याची बदली झाली, मुलेबाळे झाली, आणि भेटलो की एखादे वाक्य तो टाकायचा, एखादे मी. २०१४ साली तो गेला.

दोन वर्षांनी नॉर्मनचे पॉलवरचे चरित्र आले. मी आमच्या ग्रंथालयासाठी नव्हे, स्वतःच्या पैशाने घेतले. त्याच्या सुरुवातीलाच नॉर्मन सांगतो, की १९६५च्या डिसेंबरमध्ये तो न्यूकॅसलला एक नवशिका वार्ताहर होता. बीटल्सच्या कार्यक्रमाला गेला असताना पॉलने आपली ती व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार त्याच्याकडे हाताळून बघायला टाकली होती. सत्तरच्या दशकात याच नॉर्मनने लंडनच्या एका रविवारच्या वृत्तपत्रात पॉलची टर उडवणारी कविता छापली, तेही तो सांगतो. आणि मग तो कबूल करतो, की आपल्याला एके काळी पॉलच व्हायचे होते आणि इतकी वर्षे ती इच्छा बाळगल्यामुळे कुठेतरी त्याचे उट्टे काढायची गरज वाटत राहिली. हे वाचून मी पुस्तक मिटले. जवळजवळ बत्तीस वर्षे ज्या मताला मी अभ्यास समजत होते, त्याच्या मुळाशी एका तरुण वार्ताहराचा हेवा होता, हे तो वार्ताहर स्वतःच सांगत होता. ते सांगायला दादाला फोन करावा असे क्षणभर मनात आलेच.

आता नाशिकच्या वाचकांशी बोलते. आपण नॉर्मनला शब्द फिरवणारा म्हणता. मला तसे वाटत नाही. मत बदलणे आणि ते का बदलले हे स्वतःच्या नावाने छापणे, यात मी लबाडी पाहू शकत नाही. दोन गोष्टी मात्र मला खुपतात. पहिली अशी, की बदल कधी झाला ते पाहावे लागते. २००८ साली त्याने जॉनचे चरित्र लिहिले तेव्हा पॉलने त्याच्या प्रश्नांना ईमेलने उत्तरे दिली. २०१२ साली त्याने पॉलच्या चरित्राची परवानगी मागितली आणि पॉलचे थोडक्यात उत्तर आले, की आपली मूक संमती आहे. म्हणजे जवळच्या माणसांची दारे उघडली. दारे उघडली की सूर मऊ होतो, हे कुठल्याही चरित्रकाराच्या बाबतीत वाचकाने मनात धरायला हवे. १९८१चा नॉर्मन बंद दाराबाहेर उभा होता आणि २०१६चा आत होता. दोन्ही जागांवरून जे दिसले ते त्याने लिहिले. योकोच्या बाबतीत उलटे झाले. जॉनच्या चरित्राला तिने आधी मदत केली होती, आणि हस्तलिखित वाचल्यावर हे जॉनवर अन्याय करणारे आहे असे म्हणून आपला पाठिंबा काढून घेतला. नॉर्मनने पुस्तक तरीही छापले. त्यामुळे तो जिकडे दार उघडेल तिकडे झुकणारा, असेही सरसकट म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. नवे पुस्तक आले, त्यात कबुली आली, पण जुने ‘शाउट!’ जिथे होते तिथेच राहिले. ज्याने फक्त तेच वाचले त्याला ती कबुली कधी भेटणारच नाही. आमच्या ग्रंथालयाच्या मांडणीवर ते १९८९पासून होते. मी २०१६ साली देय तारखेच्या चिठ्ठीखाली एक कागद चिकटवला: ‘लेखकाचे पॉल मॅकार्टनीविषयीचे मत नंतर बदलले आहे. लेखकाचे २०१६चे पुस्तक पाहावे.’ असे करावे की नाही यावर सहकाऱ्यांत दुमत होते. पुस्तकात ग्रंथपालाने बोलू नये असे एकाचे म्हणणे होते, आणि ते तत्त्व मी स्वतः इतरांना शिकवलेले होते. तरी मी तो कागद काढला नाही.

हंटर डेव्हिसने हे वेगळ्या रीतीने केले, आणि मला ती रीत पटते. १९६८चे त्याचे बीटल्सचे अधिकृत चरित्र चौघांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवूनच छापले गेले. जॉनला वाढवणाऱ्या मिमीमावशीला त्यातला जॉनच्या लहानपणीच्या चोऱ्या आणि शिवीगाळीचा मजकूर अजिबात आवडला नाही. मग तिच्या समाधानासाठी जॉन दिवसभर आनंदात असायचा, अशा अर्थाचे वाक्य डेव्हिसला घालावे लागले. पुढे जॉननेच १९७० साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाला दिलेल्या त्या गाजलेल्या मुलाखतीत पुस्तकाला खोटे ठरवले. डेव्हिसने १९८५च्या आवृत्तीत काय केले? मूळ मजकूर तसाच ठेवला आणि पुढे लांबलचक नवी प्रस्तावना जोडून काय गाळावे लागले, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहिले. वाचकाच्या हातात एकाच बांधणीत १९६८ही येते आणि १९८५ही. ‘शाउट!’च्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, त्यात नंतरच्या घडामोडी आल्या, पण अशी प्रस्तावना मला हवी होती ती त्यांत मिळाली नाही.

आणि जॉन तरी कुठे एका मतावर राहिला? १९७०ची ती मुलाखत रागाच्या भरातली. मासिकाच्या संपादकाने ती जॉनच्या मनाविरुद्ध १९७१ साली पुस्तकरूपाने काढली, आणि कित्येक लेखकांनी तीच बीटल्सची खरी गोष्ट धरून चालवली. मरण्यापूर्वी काही आठवडे, १९८०त, गाण्यागणिक कुणाचे किती हे सांगताना तोच जॉन पॉलच्या ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ला बीटल्सच्या आपल्या सर्वांत आवडत्या गाण्यांपैकी एक म्हणतो. ‘इन माय लाइफ’च्या चालीविषयी मात्र दोघांच्या आठवणी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. जॉन म्हणतो पॉलने मधला तुकडा केला, पॉल म्हणतो चाल माझी. हातात फीत नाही, वही नाही. अशा ठिकाणी आपण चाहते कुणाच्या बाजूने शपथ घेणार?

जिथे कागद किंवा फीत आहे तिथे मात्र मत सोडून ती पाहावी. कोल्हापूरच्या वाचकांनी लिहिले आहे, की पॉल कोर्टात गेला म्हणून बँड मोडला. तारखा अशा आहेत: सप्टेंबर १९६९मध्ये जॉनने इतर सोबत्यांना आपण सोडत असल्याचे सांगितले, ते बाहेर फोडायचे नाही असे ठरले. १० एप्रिल १९७० रोजी पॉलची बातमी छापून आली आणि मोडल्याचे खापर त्याच्या डोक्यावर फुटले. ३१ डिसेंबर १९७० रोजी भागीदारी मोडण्यासाठी तो लंडनच्या उच्च न्यायालयात गेला, कारण अ‍ॅलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाच्या हाती कारभार द्यायला त्याचा विरोध होता आणि बाकी तिघे क्लाइनच्या बाजूने होते. १९७३ साली त्या तिघांनीही क्लाइनला सोडले आणि त्यांच्यात दावे सुरू झाले. क्लाइनविषयी पॉलची शंका रास्त असावी, हे जॉननेही नंतर बोलून दाखवले. हे सगळे मी १९८६च्या भित्तिपत्रकात उलट्या क्रमाने लिहिले होते.

पीटर जॅक्सनची २०२१ची ‘गेट बॅक’ ही जवळजवळ आठ तासांची मालिका पाहताना तर मला धक्काच बसला. बीटल्सच्या जानेवारी १९६९च्या तालमींचे सुमारे ६० तासांचे चित्रीकरण आणि दीडशेहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण त्यासाठी चाळले गेले. योको वाद्यांच्या गर्दीत बसून वर्तमानपत्र चाळते आहे. पॉल हसून म्हणतो, की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको अ‍ॅम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले. १० जानेवारीला जॉर्ज उठून निघून जातो. आणि एका सकाळी जॉन यायला उशीर झालेला असताना पॉल बासवर एकच तुकडा छेडत राहतो, आणि समोर जॉर्ज आणि रिंगो बसलेले असताना ‘गेट बॅक’ हे गाणे आपल्या डोळ्यांदेखत आकाराला येते. त्याच्या बोटांखाली ते वर येताना मला दादाचे टेबलावरचे बोट आठवले. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे जॉनचे, पण त्यात घुमणाऱ्या फितींच्या वेटोळ्यांची कल्पना पॉलची, हेही मी फार उशिरा शिकले. बारा आणे आणि चार आणे अशी मोजणी त्या गाण्यात कुठून सुरू करायची? गीतरामायणात गदिमांचे किती आणि बाबूजींचे किती, असा तराजू आपल्याकडे कुणी काढला तर आपण त्याला चहा देऊन घरी पाठवू.

एरिन टॉर्केल्सन वेबर या अमेरिकेत कॅन्ससमध्ये इतिहास शिकवणाऱ्या अभ्यासकाचे एक पुस्तक २०१६ सालीच आले. बीटल्सवर लिहिलेल्या पुस्तकांचाच इतिहास त्यांनी लिहिला आहे. साक्ष घटनेनंतर किती काळाने दिली, साक्षीदार कुणाच्या जवळचा, त्यात त्याचा स्वार्थ काय, असे इतिहासाच्या वर्गात विचारतात ते प्रश्न त्यांनी या चरित्रांना विचारले. सुरुवातीची चार गोजिऱ्या पोरांची गोष्ट, मग जॉनच्या १९७०च्या मुलाखतीतली गोष्ट, मग ‘शाउट!’ने रुजवलेली गोष्ट, आणि मग मार्क लुईसन या बीटल्सच्या इतिहासकाराची कागदपत्रांवर उभी राहिलेली गोष्ट, असे चार टप्पे त्यांनी दाखवले. चाळीस वर्षे चाहते कुठल्या टप्प्यात शिरले त्यावर कुणाच्या बाजूने भांडणार हे ठरत गेले. मी तिसऱ्या टप्प्यात शिरले होते. दादा पुस्तकांआधी रेकॉर्डमधून शिरला होता. लुईसनच्या पहिल्या खंडाची विस्तृत आवृत्ती सतराशेच्या वर पानांची आहे आणि गोष्ट अजून फक्त १९६२च्या अखेरपर्यंत आली आहे. पुढच्या खंडाची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे.

एक गोष्ट तिन्ही पत्रांतून सुटली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. जॉन की पॉल या ओढाताणीत जॉर्ज कुणाच्याच खिजगणतीत नसतो. २००१ साली जॉर्ज गेला तेव्हा नॉर्मनने त्याच्यावर असा मृत्युलेख लिहिला, की जॉर्जचे सुहृद दुखावले. पुढे त्या लेखाची खंत बाळगून त्याने २०२३ साली जॉर्जचेही चरित्र लिहिले. म्हणजे त्याचे मत एकदा बदलले असे नव्हे, चौघांपैकी एकेकाकडे तो वेगवेगळ्या वयात वळून पाहत गेला आहे. आणि जॉर्जची वाट तर आपल्या मुंबईतून जाते. सप्टेंबर १९६६मध्ये तो ताजमहाल हॉटेलात राहून पंडित रविशंकरांकडे सतार शिकला. जानेवारी १९६८मध्ये फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्याकडच्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत केले आणि त्याच दिवसांत ‘दि इनर लाइट’चे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. मार्च १९६८च्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते गाणे आले, बीटल्सच्या सिंगलवर आलेले जॉर्जचे ते पहिले गाणे. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आपल्या शहरात हे घडून गेल्याचे त्याला नंतर कळले आणि ते हुकल्याची रुखरुख त्याला पन्नाशी उलटल्यावरही होती. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या रेकॉर्डच्या वेष्टणावर ‘लव्ह यू टू’साठी तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे. १९६६ सालची गोष्ट. ते नाव दादाने मला बोट ठेवून दाखवले होते, आपल्याच आळीतले कुणी असावे तसे. जाडजाड चरित्रांतून या वादकांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. नॉर्मनने मत बदलले की नाही यावर आपण इतकी शाई खर्चतो, त्यातली थोडी या माणसांवर कुणी खर्च केली तर ते पुस्तक मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

कोल्हापूरच्या वाचकांना माझी विनंती आहे, की त्यांच्याकडच्या ‘शाउट!’चे साल आणि आवृत्ती कळवावी. नाशिकच्या वाचकांनी २०१६च्या पुस्तकाची फक्त प्रस्तावना पुन्हा एकदा वाचावी. आणि आपण, संपादक महोदय, पुरवणीतल्या पहिल्या लेखासोबतच्या चौकटीत ‘एप्रिल १९७०मध्ये पॉलने बँड मोडला’ असे छापले आहे, त्यात सप्टेंबर १९६९ची नोंद जोडावी.

माझ्याकडे ‘शाउट!’ची ती फिक्या कण्याची प्रत अजून आहे. पाने उजेडात तिरपी धरली की काही समासांत दादाच्या पेन्सिलीचे दाब दिसतात. खोडरबराने शिसे जाते, दाब जात नाही. गेल्या महिन्यात मी ती प्रश्नचिन्हे एकेक करून पुन्हा पेन्सिलीने भरली आणि २०१६च्या पुस्तकाशी ताडून पाहिली. सापडली तेवढी एकेचाळीस आहेत. त्यांतल्या तेवीस जागांवर नॉर्मनने नंतर वेगळे लिहिले आहे. उरलेल्या अठरा जागांची यादी मी सोबत जोडली आहे. जागा असेल तर छापावी, नसेल तर ज्या वाचकांना हवी असेल त्यांना आपल्यामार्फत मी झेरॉक्स पाठवीन. टपालखर्च माझा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, ठाणे (पश्चिम)